हातातला अधिकार आणि हाताबाहेरचा: कल्याणीनगर अपघाताचं प्रकरण

कल्याणीनगरच्या पोर्शे अपघाताचा विषय निघाला की गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाबद्दल पुण्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "तीनशे शब्दांचा निबंध लिहून सुटला." दुसरं, "पैसेवाल्याचा पोरगा, म्हणून हायकोर्टानं सोडला." पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसरं मला मान्य नाही, आणि का नाही हे सांगायचं तर प्रकरण तारखेवार उलगडावं लागतं. आरोपीचे हक्क आणि पोलिसांचे अधिकार यांची ओढाताण या प्रकरणात नक्कीच झाली, पण ती जामिनाच्या दिवशी झाली असं समजलं की सगळा हिशेब चुकतो. पोलिसांच्या हातात पूर्ण अधिकार होता तेव्हा तो वापरला गेला नाही, आणि नसलेला अधिकार तीन दिवसांनी मागितला गेला. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा तपशील.

तारीख १९ मे २०२४, रविवार, पहाटे अडीचच्या सुमारास. भरधाव पोर्शे एका दुचाकीवर आदळली. दुचाकीवरचा तरुण आणि तरुणी, दोघेही चोवीस वर्षांचे, मूळचे मध्य प्रदेशातले आणि पुण्यात आयटीत नोकरी करणारे, दोघांचाही जीव गेला. चाकामागे १७ वर्षं ८ महिन्यांचा मुलगा होता. बारावीच्या निकालाची पार्टी करून, दोन पब फिरून तो मित्रांबरोबर निघाला होता. गाडीची कायमची नोंदणी झालेलीच नव्हती, कारण १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. कोट्यवधींच्या गाडीपुढे हा आकडा परिवहन खात्यानं जाहीर केला तेव्हा लोकांना हसावं की रडावं कळेना. मुलाला पकडलं ते रस्त्यावरच्या लोकांनी. आधी चोप दिला, मग येरवडा पोलिसांच्या स्वाधीन केलं.

इथून पुढचे आठ तास माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे आहेत, आणि चर्चा सगळ्यात कमी त्यांचीच होते.

पहाटे तीन वाजता पोलिसांकडे कोणते अधिकार होते ते पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गाडी चालवणं हा गुन्हा. कलम २०३ प्रमाणे श्वासाची चाचणी घेता येते, २०४ प्रमाणे रक्ताची. त्याच कायद्याचं कलम २०२ सांगतं की या गुन्ह्यात अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडावं लागतं. म्हणजे हे बंधन पोलिसांवर आहे आणि ते घड्याळ लावून घातलेलं आहे. त्याखेरीज तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ५३ होतं. त्यात फौजदाराच्या, म्हणजे उपनिरीक्षकाच्या विनंतीवरून डॉक्टरला आरोपीचं रक्त घेता येई, आणि आरोपी आडवा आला तर वाजवी बळही वापरता येई. आणि महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याचं कलम १२९-अ आहेच. नशेच्या संशयावरून माणसाला डॉक्टरपुढे उभं करायची आणि त्याचं रक्त घ्यायची सोय त्यात कित्येक दशकांपासून आहे. पोलिस ठाण्याच्या बोलीत याला नुसतं "मेडिकल करून आणा" म्हणतात. नवख्या हवालदारालाही ते पाठ असतं.

आता आरोपीच्या हक्काची बाजू. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण रक्त म्हणजे साक्ष नव्हे. १९६१ साली काठी कालू ओघड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठानं बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने या अनुच्छेदाच्या बाहेर ठेवले. २०१० च्या सेल्वी निकालात संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करायला बंदी घातली, पण रक्तासारख्या शारीरिक नमुन्यांना हात लावला नाही. रेघ स्पष्ट आहे. माणसाच्या डोक्यातलं जबरदस्तीनं काढता येत नाही, शरीरावरचा पुरावा कायदेशीर मार्गानं घेता येतो.

मुलगा अल्पवयीन, म्हणून काही वेगळं होतं का? होतं, पण रक्ताच्या बाबतीत नव्हे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १० प्रमाणे त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. बेड्या घालता येत नाहीत. पालकांना कळवावं लागतं. कलम १०७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असायला हवा, त्याच्याकडे मुलाला द्यायचं. यातल्या एकाही तरतुदीमुळे रक्त घ्यायला एका मिनिटाचाही उशीर होत नाही. हक्क आणि अधिकार त्या पहाटे शेजारीशेजारी नांदू शकत होते, आणि दोन्ही एकदमच पाळता आले असते.

प्रत्यक्षात रक्त घेतलं गेलं ते सकाळी अकराच्या सुमारास, ससून या सरकारी रुग्णालयात. शरीरातलं अल्कोहोल साधारणपणे तासाला १०० मिलिलिटरमागे १० ते २० मिलिग्रॅम या वेगानं उतरतं. मधला १५ चा आकडा धरला तर साडेआठ तासांत १२५ च्या पुढे गेलं. कायद्याच्या मर्यादेच्या चौपट दारू पोटात असलेला माणूसही तेवढ्या वेळात शून्यावर येऊ शकतो. म्हणजे नमुना प्रामाणिकपणे घेतला असता, प्रामाणिकपणे जपला असता, तरी तो पुरावा म्हणून निम्मा मेलेलाच होता.

तो प्रामाणिकपणे जपला गेला नाही, असा आरोप आहे. रक्ताचा नमुना हा प्रकार किती साधा आणि किती नाजूक असतो पाहा. कातडी स्पिरिटनं पुसायची नाही, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल. रक्त घ्यायचं ते परिरक्षक घातलेल्या कुपीत, म्हणजे ते गोठत नाही आणि कुपीतच आंबत नाही. मग लेबल, नाव, वेळ, डॉक्टरची सही, लाखेचं सील, आणि सीलबंद कुपी प्रयोगशाळेपर्यंत कोणी नेली याची नोंद. या साखळीतली एक कडी ज्याच्या हातात, त्याच्या हातात खटला. पोलिस आयुक्तांनी २७ मे रोजी पत्रकारांना सांगितलं की मुलाचं मूळ रक्त कचऱ्याच्या डब्यात गेलं आणि त्याच्या जागी दुसऱ्याचं ठेवलं गेलं. ते दुसरं रक्त आईचं, हे तपासात पुढे आलं. ससूनचे दोन डॉक्टर आणि एक कर्मचारी अटकेत गेले. हे उघडकीस आलं ते दुसऱ्या एका रुग्णालयात वेगळा नमुना घेऊन ठेवल्यामुळे. डीएनए जुळला नाही. हा दुसरा नमुना घ्यायचं ज्याला सुचलं त्या अधिकाऱ्याचं कौतुक व्हायला हवं होतं. ते फारसं झालं नाही.

येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. ठपका असा की एवढा गंभीर अपघात होऊनही नियंत्रण कक्षाला आणि रात्रपाळीच्या वरिष्ठांना वेळेत कळवलं नाही. बाहेर माध्यमांत "पोलिसांना जास्त अधिकार हवेत" अशी चर्चा पेटली होती, आणि आत ठपका होता एक फोन न केल्याचा.

त्या पहाटेच्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, कुटुंबाच्या गाडीचा चालक. गाडी मीच चालवत होतो असं सांगायला त्याच्यावर दबाव आणला, बंगल्यात डांबून ठेवलं, अशी तक्रार झाली; मुलाचे वडील आणि आजोबा यांच्यावर अपहरणाचा आणि डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. व्यक्तीच्या हक्कांबद्दल बोलताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो मुलगा येतो. माझ्या डोळ्यांसमोर हा चालक येतो. तो ना आरोपी होता ना मयताचा नातेवाईक, त्यामुळे कुठल्याही कलमानं त्याला आपोआप वकील मिळाला नसता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महेंदर चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली, ती देशभर लागू आहे. पण ती कागदावरून ठाण्याच्या बाकापर्यंत पोहोचायला साक्षीदारानं आधी आपण साक्षीदार आहोत हे ओळखावं लागतं. पगार देणाऱ्या मालकाविरुद्ध, पहाटे, एकट्यानं ते कुणी ओळखायचं?

आता जामीन. गुन्हा आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली नोंदला गेला, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू. दोन वर्षांपर्यंतची शिक्षा, जामीनपात्र. नंतर ३०४, सदोष मनुष्यवध, वाढवलं गेलं. तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि पहिल्या भागात जन्मठेपेपर्यंत जाते. या बदलावरून रान उठलं. प्रौढ आरोपी असता तर या फरकानं बरंच काही बदललं असतं. इथे जामिनापुरतं फारसं बदलत नव्हतं. बाल न्याय कायद्याचं कलम १२ म्हणतं की गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र, विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीनाला, सोडायचंच. अपवाद तीन: सोडल्यावर ते सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा त्याच्या सुटकेनं न्यायाचा हेतूच विफल होईल असं मानायला सबळ कारण असेल तर. आणि जामीन नाकारला तर कारणं लिहून द्यायची.

रविवार होता, मंडळ बसलेलं नव्हतं. अशा वेळी एका सदस्यापुढे मुलाला उभं करता येतं, तसं केलं गेलं. आजोबांनी हमी दिली. अटी घातल्या: आरटीओत जाऊन नियमांचा अभ्यास, व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन, आणि अपघात व त्यावरचे उपाय यावर तीनशे शब्दांचा निबंध. बाकीच्या अटी कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत, निबंध राहिला. साहजिक आहे. दोन मृतदेह शवागारात असताना निबंधाचा विषय देणं हे असंवेदनशील होतं, यात मला शंका नाही. पण निबंध हास्यास्पद होता म्हणून जामीन बेकायदा ठरत नाही. त्या आदेशाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे: तिसऱ्या अपवादाची चर्चा तिथे नीट व्हायला हवी होती. पुराव्याशी खेळ होण्याची शक्यता आहे, असं पोलिसांना तेव्हा मांडता आलं असतं. गंमत अशी की खेळ झाल्याचा आरोप आहे तो मोठ्या माणसांवर. मुलाला कुठेही ठेवलं असतं तरी ससूनमधली कुपी त्यानं सुरक्षित राहिली नसती.

आणखी एक बाजू त्या रविवारी मंडळासमोर नव्हती: ज्यांची मुलं गेली ते. २०२२ च्या एप्रिलमध्ये, लखीमपूर खेरी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे, जामिनाच्या सुनावणीतही. कल्याणीनगरच्या दोन्ही कुटुंबांना बातमी कळायची, पुण्यात पोहोचायचं, शवविच्छेदनाच्या दाराशी थांबायचं, आणि तेवढ्या वेळात जामीन होऊनही गेला. आरोपीचा हक्क आणि पोलिसांचा अधिकार यांचा तोल म्हटलं की हा तिसरा माणूस तराजूत बसतच नाही. मंडळाचा आदेश पंधरा तासांच्या आत झाला. चोवीस तासांची मुभा होती. नातेवाइकांपैकी कुणाला फोनवर तरी ऐकलं असतं तर निकाल तोच लागला असता कदाचित, पण इतका जिव्हारी लागला नसता.

पुढचे तीन दिवस शहर पेटलेलं होतं. वडिलांना छत्रपती संभाजीनगरमधून ताब्यात घेतलं. पबना टाळं लागलं. मंत्री पुण्यात येऊन गेले. आणि २२ मे रोजी पोलिसांच्या अर्जावर मंडळानं त्याच मुलाला, ज्याचा जामीन कायम होता, येरवड्याच्या निरीक्षणगृहात, म्हणजे अल्पवयीन आरोपींना ठेवतात तिथे, पाठवलं. आधी ५ जूनपर्यंत, मग १२, मग २५.

टाळ्या वाजल्या. प्रामाणिकपणे सांगायचं तर अन्याय होतोय असं त्या दिवशी फारसं कुणी म्हणालं नाही, वकीलवर्गातही दबक्या आवाजात.

अर्जाचा आधार होता बाल न्याय कायद्याचं कलम १०४. हे कलम मंडळाला स्वतःचा आदेश दुरुस्त करू देतं, पण कशापुरतं? मुलाला कोणत्या संस्थेत पाठवायचं, किंवा कुणाच्या देखरेखीखाली ठेवायचं, यापुरतं. जामिनावर असलेल्या मुलाला आत टाकायला हे दार नाही. कलम १२ ची रचनाच पाहा. पोटकलम १ मध्ये सुटका, जामिनदारासह किंवा त्याविना, नाहीतर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, नाहीतर योग्य व्यक्तीच्या ताब्यात. पोटकलम २ आणि ३ मध्ये, सुटका होणार नसेल तर निरीक्षणगृह. दोन्ही एकाच वेळी होऊ शकत नाहीत. "जामीन चालू आहे आणि तू आतही आहेस" असा तिसरा प्रकार कायद्यात लिहिलेला नाही.

पोलिसांना जामीन चुकीचा वाटत होता तर रस्ते होते. कलम १०१ खाली तीस दिवसांत अपील. कलम १०२ खाली उच्च न्यायालयात पुनरीक्षण. नवी माहिती हाती आली होती, रक्त बदलल्याची, तर जामीन रद्द करण्याचा अर्ज. यातला शेवटचा तर केलाच नाही. का, हा प्रश्न उच्च न्यायालयातही निघाला. माझा अंदाज असा: या रस्त्यांवर कारणं द्यावी लागतात, उलट बाजूचं ऐकलं जातं, वेळ लागतो. बाहेर कॅमेरे उभे होते.

मुलाच्या आत्यानं मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका केली. न्यायमूर्ती भारती डांगरे आणि मंजूषा देशपांडे यांच्या खंडपीठानं २५ जून २०२४ रोजी निकाल दिला. सरकारची भूमिका अशी होती की ही कोठडी नव्हेच, मुलाच्या सुरक्षिततेसाठी आणि समुपदेशनासाठी केलेली देखरेख आहे. शिवाय आदेश न्यायिक मंडळाचा आहे, त्याविरुद्ध हेबियस कॉर्पस चालत नाही. दुसरा मुद्दा हलका नाही; एरवी न्यायालयाच्या रिमांडविरुद्ध ही याचिका टिकत नाही. पण रिमांड मुळातच अधिकाराबाहेरचा असेल तर टिकते, आणि खंडपीठानं तेच धरलं. जामीन रद्द झालेला नाही, १०४ मध्ये ही ताकद नाही, तर मग मुलाला आत ठेवणं बेकायदा. त्याला आत्याच्या ताब्यात द्या, १९ मेच्या अटी कायम.

निकालात अपघाताच्या भीषणतेकडे डोळेझाक केलेली नाही. दोन जीव गेल्याचं दुःख आहे. पण लोकक्षोभापुढे यंत्रणा झुकली, हेही स्पष्ट म्हटलं आहे, आणि आघात कितीही मोठा असला तरी कायद्याचंच राज्य चालेल असंही.

सुटका झाली त्या दिवशी मुलगा चौतीस दिवस आत होता. जे लोक म्हणतात की श्रीमंत म्हणून सुटला, त्यांना मी एवढंच विचारतो: कोणत्या कलमाखाली आत होता ते सांगा. उत्तर येत नाही. येतं ते असं, की "मग गरिबाचा पोरगा असता तर?" हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याकडे मी येतोच.

त्याआधी प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा मुद्दा, कारण तिथेही तोच गोंधळ. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर आलेल्या २०१५ च्या कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालवायची वाट उघडली, पण फक्त घृणास्पद गुन्ह्यांत. घृणास्पद म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षं आहे असा गुन्हा. जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे पक्कं केलं: कमाल शिक्षा कितीही मोठी असो, किमान सात नसेल तर गुन्हा "गंभीर" वर्गात जातो, "घृणास्पद" वर्गात नाही. त्या निकालामागची घटनाही भरधाव गाडीखाली मृत्यूचीच होती, आणि कलमही ३०४ च. भारतीय दंड संहितेच्या ३०४ ला किमान शिक्षाच नव्हती. बचावानं नेमकं हेच मांडलं. १५ जुलै २०२५ रोजी मंडळानं पोलिसांचा अर्ज फेटाळला. पुन्हा तीच ओरड झाली. संसदेनं जे लिहिलं त्यात पळवाट कुणी काढली नव्हती. लिहिलेलं वाचलं गेलं.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले म्हणून आता असं होणार नाही, असंही सांगितलं जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ मध्ये सदोष मनुष्यवधाला किमान पाच वर्षं घातली आहेत, तीही पहिल्या भागातच. पाच म्हणजे सात नव्हे. म्हणजे उद्या असाच अपघात झाला, असाच सतरा वर्षांचा मुलगा सापडला, तरी प्रौढ म्हणून खटल्याचा प्रश्न तिथेच राहील. बदललं आहे ते दुसरीकडे. निष्काळजीपणाच्या मृत्यूला दोनऐवजी पाच वर्षांपर्यंत शिक्षा झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत रक्त घेण्याची विनंती आता कोणताही पोलिस करू शकतो, फौजदाराची वाट पाहायला नको. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी फॉरेन्सिक पथक जाणं टप्प्याटप्प्यानं सक्तीचं होतंय. याच संहितेच्या कलम १०५ खाली झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करून ते लगेच दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं आहे. (न्याय संहितेचं १०५ वेगळं, सुरक्षा संहितेचं १०५ वेगळं, कोर्टात नव्या वकिलांची यावरून रोज फजिती होते.) यातलं चित्रीकरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ते दोन्ही बाजूंना राखतं. पोलिसांनी पुरावा पेरला असा आरोप करणाऱ्या आरोपीलाही तेच लागतं, आणि पुरावा कुणी पळवला हे दाखवणाऱ्या पोलिसालाही. मात्र रक्ताची कुपी रुग्णालयात हातोहात फिरते तिथे हे कलम जसंच्या तसं पोहोचत नाही. ती फट अजून आहे.

आता गरिबाचा पोरगा. पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या, गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या २०२२ च्या अखेरीपासून सारख्या येतात. त्यात अल्पवयीन मुलं असतात. मग आरोपींना त्यांच्याच वस्तीत फिरवल्याच्या, धिंड काढल्याच्या चित्रफिती येतात, खाली लोक "जबरदस्त काम" लिहितात. कागदावर कारण असतं घटनास्थळाच्या पंचनाम्याचं. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलंच प्रकरण गेलं होतं. सोलापुरात खुनाच्या एका आरोपीला बेड्या घालून रस्त्यातून फिरवलं होतं. दहा हजार रुपये भरपाई कायम राहिली, फक्त ती निरीक्षकानं खिशातून द्यायच्याऐवजी सरकारनं द्यायची असं ठरलं. तो आरोपी प्रौढ होता. मूल असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ओळख उघड करणंच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

येरवड्याच्या निरीक्षणगृहात जी मुलं असतात त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आत्या धुणंभांडी करतात, बांधकामावर जातात. मुंबईला ज्येष्ठ वकील लावून हेबियस कॉर्पस करणं त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. मंडळानं प्रत्येक मुलाला विधी सेवा संस्थेमार्फत वकील मिळवून द्यायचा आहे, कायद्यातच तसं आहे, पण तो वकील तारखेला दहा मुलांचे कागद हातात घेऊन उभा असतो. जामीन मंजूर झालेला आणि तरी मुलगा आतच, कारण जामिनदार आला नाही, घरचे सापडले नाहीत, किंवा "देखरेख" वाढवली, अशा वेळी त्या वकिलाच्या हातात २५ जूनचा निकाल आहे. एका श्रीमंत घरानं तो मिळवला म्हणून तो त्या घराचा होत नाही. खंडपीठाचा निकाल आहे. राज्यातल्या प्रत्येक बाल न्याय मंडळावर बंधनकारक आहे. तो वापरायला एका पानाचा अर्ज पुरतो: जामिनाच्या आदेशाची तारीख, त्यानंतर मुलाला आत ठेवणाऱ्या आदेशाची तारीख, आणि दोन्हींच्या मध्ये जामीन रद्द झाल्याचा कागद आहे का, एवढी विचारणा.

हा अर्ज नेमून दिलेल्या वकिलांनी करावा. आणि पोलिसांनी, पुढच्या वेळी पहाटे तीन वाजता कुणी गाडीखाली गेलं तर, साडेचारच्या आत मेडिकल करून कुपी सीलबंद करावी, मग चाकामागे कुणाचाही पोरगा असो.